घर छापायचं, उचलायचं की आधी तपासायचं?

गेल्या अंकात आम्ही म्हटलं होतं, बांधकामातल्या नव्या तंत्रज्ञानाबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा. पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून बराच ढीग जमला. निम्म्या प्रश्नांमागे कुणाच्या तरी भाच्याने दाखवलेला व्हिडिओ आहे, उरलेल्या निम्म्यांमागे आपल्या कोल्हापूरची पंचगंगा आणि तिचा पूर. दर मात्र कुणी विचारू नका. अंक हातात पडेपर्यंत सळईचा भाव बदललेला असतो आणि मग शिव्या मला बसतात.

प्रश्न : मॅडम, कळंब्याला अकराशे चौरस फुटांचं घर बांधायचं आहे. भाच्याने बंगळूरला मशीनने छापलेल्या इमारतीचा व्हिडिओ दाखवला. गवंड्याच्या मागे वर्षभर फिरण्यापेक्षा असं घर दीड महिन्यात छापून मिळेल का?
— सेवानिवृत्त बँक कर्मचारी, मंगळवार पेठ

उत्तर : काका, व्हिडिओ खरा आहे. ते बंगळूरच्या केंब्रिज लेआउटमधलं पोस्ट ऑफिस. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. क्षेत्रफळ १,०२१ चौरस फूट, म्हणजे जवळपास तुमच्या घराएवढंच. एल अँड टीने बांधलं, तांत्रिक मार्गदर्शन आयआयटी मद्रासचं, काम ४३ दिवसांत पुरं. त्याआधी २०२१ मध्ये आयआयटी मद्रासच्या आवारात तिथल्याच माजी विद्यार्थ्यांच्या त्वस्ता कंपनीने सहाशे चौरस फुटांचं घर छापून दाखवलं होतं. तेव्हा हे सगळं थोतांड आहे असं मी म्हणणार नाही.

आता त्यात नेमकं काय छापतात ते बघा. चकलीच्या सोऱ्यातून पीठ पडावं तसा नळीच्या तोंडातून मसाला थरावर थर पडत जातो आणि भिंत वर येते. हा मसाला पाइपातून सरकण्याइतका मऊ लागतो, आणि पडल्या पडल्या वरचा थर पेलण्याइतका घट्टही व्हावा लागतो. त्यामुळे त्यात नेहमीची खडी चालत नाही, सिमेंट जास्त जातं आणि रसायनांचं प्रमाण काटेकोर सांभाळावं लागतं. भिंत आतून पोकळ असते. त्या पोकळीत सळया उभ्या करून काँक्रीट ओतायचं काम माणसंच करतात.

छापली जाते ती फक्त भिंत. पाया, वरचा स्लॅब, वायरिंगच्या नळ्या, प्लंबिंग, फरशी, दारं-खिडक्या हे सगळं तुमच्या-माझ्या ओळखीच्याच पद्धतीने होतं. आणि वर्ष जातं ते भिंतीत नाहीच. अकराशे फुटांच्या घराच्या भिंती गवंड्यांची चांगली जोडी काही आठवड्यांत उभ्या करते. वर्ष जातं ते बँकेचा हप्ता अडकल्यामुळे, सेंट्रिंगवाल्याच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर गुंतल्यामुळे, जोतिबाच्या यात्रेला गावी गेलेला माणूस परत न आल्यामुळे, आणि किचनचा ओटा एल आकाराचा हवा की सरळ यावर घरात एकमत न झाल्यामुळे. यातलं काहीही मशीन सोडवत नाही. ओट्याचं तर मुळीच नाही.

शिवाय प्रिंटर आणायचा म्हणजे घरापेक्षा मोठा सांगाडा, पंप, मसाल्याची मिक्सिंग व्यवस्था आणि तरबेज माणसं एवढा सगळा लवाजमा एका घरासाठी हलवायचा. एकाच नकाशाची पन्नास घरं असतील तर हिशोब वेगळा होतो. आणखी एक. भूकंपाच्या २०१६ च्या नकाशात आपण झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, आहोत. १९६७चा कोयनेचा भूकंप आठवणारी माणसं अजून तुमच्या गल्लीत असतील. आपण सगळे ज्याच्या आधारे डिझाइन करतो त्या काँक्रीटच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ४५६ : २००० मध्ये, छापलेल्या भिंतीसाठी प्रकरण नाही. त्यामुळे अशा घराचं डिझाइन स्वतंत्र चाचण्यांच्या आधारेच करावं लागतं, आणि तो खर्च पोस्ट खात्याला परवडतो.

वेळच वाचवायचा असेल तर असं करा. काम सुरू होण्याआधी नकाशा, विजेचे पॉइंट, ओटा, संडासाच्या जागा सगळं कागदावर पक्कं करा. स्लॅबला प्लांटमधलं तयार काँक्रीट, म्हणजे आरएमसी, मागवा. गाडी आली की चलनावरची भरल्याची वेळ आधी बघा. भरल्यापासून दोन तासांच्या आत माल ओतून व्हायला हवा. उशीर झाला की ड्रायव्हर पाण्याचा पाइप सोडू बघतो. त्याला चहा पाजा, पाणी सोडू देऊ नका. प्रत्येक स्लॅबला तुमच्यासमोर १५ सेंटिमीटरचे क्यूब, म्हणजे चाचणीसाठीचे काँक्रीटचे ठोकळे, भरून घ्या, ते ७ आणि २८ दिवसांनी फोडून घ्या आणि रिपोर्ट स्वतःच्या फाइलला लावा. सांगून क्यूब भरून घेणारे घरमालक मला फार थोडे भेटतात. छपाईबद्दल विचारणारे रोज भेटतात.

प्रश्न : आमचं दुधाळीत वडिलोपार्जित बैठं घर आहे. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला छातीपर्यंत पाणी आलं. जॅक लावून अख्खं घर उचलून देणारी बाहेरच्या राज्यातली माणसं येऊन गेली. चार फूट उचलतो म्हणतात. उचलावं का?
— गृहिणी, दुधाळी

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वाचून मी आधी छातीपर्यंत याचे फूट किती झाले तेच मोजलं. घरात फरशीवर उभ्या बाईच्या छातीपर्यंत म्हणजे साडेतीन-चार फूट. घर चार फूट उचललं तर तेवढ्याच पुराला पाणी तुमच्या उंबऱ्याशी हुज्जत घालत बसेल. सगळा खर्च करून पुन्हा रात्री जागायचं, तर उचलायचं कशाला?

तरी पद्धत समजून घ्या, कारण ती खरीच चालते. पायाशेजारी चर काढतात. जोत्यालगत भिंतीचा खालचा भाग तुकड्या-तुकड्याने फोडून त्यात लोखंडी चॅनल सरकवतात. त्या चॅनलखाली थोड्या-थोड्या अंतरावर शेकडो स्क्रू जॅक लागतात. मग एक जण आरोळी देतो आणि सगळे एकाच वेळी हँडल फिरवतात. घर एका वेळी अगदी थोडं वर येतं. हवी ती उंची आली की खालची पोकळी वीटकाम किंवा काँक्रीटने भरतात. हे भिंतींवर उभ्या असलेल्या, म्हणजे लोडबेअरिंग घराला जमतं. एक गोष्ट ते बोलता बोलता गाळतात. तुमची फरशी वर येत नाही. ती खालीच राहते. आत तेवढा भराव घालून फरशी नव्याने करायची, संडासाची लाइन नव्याने जोडायची, पायऱ्या नव्या, ओटा नवा.

घर खांबांवर, म्हणजे आरसीसी फ्रेमचं असेल तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. त्यात प्रत्येक खांब पायाच्या वर कापावा लागतो आणि नंतर जोडावा लागतो. भूकंपात खांबावर सगळ्यात जास्त ताण येतो तो वरच्या आणि खालच्या टोकाशी. म्हणूनच भूकंपासाठीचं मानक आयएस १३९२० सांगतं की खांबाच्या सळयांचा जोड मधल्या अर्ध्या उंचीतच घ्या. इथे तर सगळ्याच खांबांचा जोड एका पातळीला, तोही टोकाशी. ज्याने हे डिझाइन तपासून सही केली आहे असा स्ट्रक्चरल इंजिनिअर त्या लोकांनी तुम्हाला भेटवला का? सहसा भेटवत नाहीत.

आता माझा सल्ला. आधी तुमच्या उंबऱ्याची पातळी काढून घ्या. टीव्हीवर "पंचगंगा ४३ फुटांवर" सांगतात ती राजाराम बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीची पातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ ला ती ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ ला त्याहूनही वर. या आकड्याचा आणि तुमच्या उंबऱ्याचा संबंध कुणी तरी लेव्हल मशीन लावून जोडून दिल्याशिवाय कळत नाही. हे फार मोठं काम नाही. डीजीपीएस, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने अचूक मोजणारं यंत्र, किंवा साधं ऑटो लेव्हल असलेला सर्व्हेअर तुमच्या जोत्याची समुद्रसपाटीपासूनची उंची काढतो. तीच उंची पूररेषेच्या नकाशात बघायची. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. १०० वर्षांतून एकदा म्हणजे एकदा येऊन गेला की शंभर वर्षं निवांत, असं नव्हे. कुठल्याही वर्षी तसा पूर यायची शक्यता शंभरात एक. आपण दोन वर्षांच्या अंतराने दोन मोठे पूर पाहिलेच आहेत.

घर निळ्या रेषेच्या आत असेल तर उचलण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन बसा, कारण परवानगीचा प्रश्न तिथेच येतो. दोन रेषांच्या मध्ये असेल आणि कधी तरी पाडून नव्याने बांधायची ऐपत असेल तर राहता मजला लाल रेषेच्या वर न्या आणि खाली फक्त गाडी ठेवा. पण खाली नुसते खांब आणि वर जड घर अशी रचना भूकंपाला वाईट. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादमध्ये अशाच खालच्या मोकळ्या पार्किंगच्या इमारती बसल्या. म्हणून खालच्या मजल्यात दोन्ही दिशांना काही आरसीसी भिंती घालायला इंजिनिअरला सांगा. पाणी वाहतं त्या दिशेला समांतर भिंती जास्त घेतल्या तर पुरालाही अडथळा कमी होतो.

तोवर या पावसाळ्याआधी करण्यासारखं : मीटर आणि बोर्ड २०२१ च्या खुणेच्या वर, खालच्या भागात जिप्सम नको, फक्त सिमेंटचा गिलावा, आणि संडासाच्या बाहेर जाणाऱ्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पुराचं पाणी दारातून यायच्या आधी भांड्यातून येतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न : आमची राजारामपुरीतली बारा फ्लॅटची इमारत १९९४ ची आहे. पार्किंगमधल्या खांबांना उभ्या भेगा आहेत, दोन ठिकाणी सळई उघडी पडली आहे. एक कंत्राटदार म्हणतो कार्बन फायबर गुंडाळा, तीस वर्षं बघायला नको. दुसरा म्हणतो पाडा, मी नवीन बांधून देतो. सोसायटीत दोन गट पडलेत. कुणाचं ऐकायचं?
— सोसायटीचे सचिव

उत्तर : सचिवसाहेब, अजून कुणाचंच नाही. रक्त न तपासता एक जण ऑपरेशन सांगतो आणि दुसरा अंत्यविधी. तुमची इमारत तीस वर्षांच्या वरची आहे, तिचं स्ट्रक्चरल ऑडिट तसंही कायद्याने करून घ्यावंच लागतं. ते अशा माणसाकडून करून घ्या ज्याला दुरुस्तीचं किंवा पुनर्विकासाचं काम मिळणार नाही. एवढा एक ठराव मीटिंगमध्ये एकमताने करा, बाकी भांडणं नंतर.

त्या माणसाने काय काय करावं हे सविस्तर सांगते. बांधकामात नवं म्हणून जे जे येतं आहे त्यातलं सामान्य माणसाच्या सगळ्यात उपयोगाचं काय असेल तर ही तपासणीची साधनं. केवळ जाहिरात होत नाही म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पहिलं साधन साधी हातोडी. खांबावर ठोकत जायचं. भरीव आवाज आणि पोकळ आवाज कानाला लगेच वेगळे कळतात. दुसरं, फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी. शाळेच्या प्रयोगशाळेत बघितलेलंच द्रावण. खांबाचं थोडं काँक्रीट ताजं फोडायचं, धूळ झटकायची आणि त्यावर ते शिंपडायचं. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे, म्हणजे सळईला संरक्षण आहे. रंग आला नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ते काँक्रीट तेवढ्या खोलीपर्यंत कार्बोनेट झालेलं आहे. ही खोली सळईपर्यंत पोचली की ओल मिळताच गंज सुरू. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं, ते आतून काँक्रीट ढकलतं, आणि मग सळईच्याच रेषेत उभी भेग दिसते. तुम्ही लिहिलेल्या भेगा मला त्याच जातीच्या वाटतात.

तिसरं, रिबाउंड हॅमर. स्प्रिंगची दांडी काँक्रीटवर आदळून किती उसळते ते बघायचं. कंत्राटदार मंडळी हेच एक यंत्र आणतात आणि आकडा दाखवून मोकळी होतात. हा आकडा फक्त वरच्या सालीचा असतो. त्यातून काढलेली ताकद पंचवीस टक्के इकडे-तिकडे होऊ शकते. त्याहून मोठी गंमत म्हणजे कार्बोनेट झालेली साल कडक होते. म्हणजे तुमची सळई आत गंजत असताना हॅमर मात्र वर झकास आकडा दाखवतो. म्हणून दोन नंबरची चाचणी न करता तीन नंबरचा रिपोर्ट स्वीकारू नका.

चौथं, अल्ट्रासोनिक पल्स. खांबाच्या एका बाजूने ध्वनिलहर सोडायची, दुसऱ्या बाजूला पकडायची, वेळ मोजायची. चांगल्या काँक्रीटमधून ती सेकंदाला चार किलोमीटरच्या आसपास किंवा जास्त वेगाने जाते. तीनच्या खाली आली तर आत पोकळी, भेगा किंवा हनीकोंब, म्हणजे मोहोळासारखी छिद्रं, असल्याची शंका घ्यायची. पाचवं, हाफ-सेल. सळईतलं विद्युत विभव मोजतात. उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त धरतात. शेवटी दोन-चार ठिकाणी कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल काढून लॅबमध्ये फोडतात.

एवढं झालं की तुमच्या हातात खांबवार नकाशा येतो. कुठला खांब नुसता पॅच करायचा, कुठल्याला जॅकेट, म्हणजे बाहेरून नव्या काँक्रीटचं कवच, चढवायचं, कुठे खरोखर धोका आहे. अनेकदा निघतं असं की पाण्याची टाकी आणि ड्रेनेजच्या पाइपाजवळचे तीन-चार खांब आजारी आहेत आणि बाकीचे ठीक. दोन्ही गटांना आपापली कोटेशनं गुंडाळावी लागतात.

कार्बन फायबरबद्दल. ते उत्तम साहित्य आहे. खांबाभोवती घट्ट गुंडाळलं की काँक्रीटला बाहेरून आवळून धरतं आणि ताकद वाढवतं. पण गंजलेल्या सळईवर ते तसंच गुंडाळणं म्हणजे आतल्या गंजाला पडदा घालून देणं. आधी सैल काँक्रीट काढायचं, सळई घासून स्वच्छ करायची, झिजली असेल तिथे नवी जोड द्यायची, मायक्रोकाँक्रीट भरायचं, त्यानंतर फायबर. "तीस वर्षं बघायला नको" म्हणणाऱ्याकडून ही पायरीवार कामाची यादी सहीसकट मागून बघा. तो परत येतो का तेही कळेल.

प्रश्न : शिरोलीत पेव्हिंग ब्लॉकचा लहान कारखाना आहे. फाउंड्रीवाले मित्र काळी वाळू फुकट द्यायला तयार आहेत. वापरली तर चालेल का? अभ्यासात चालते म्हणतात.
— तरुण उद्योजक, शिरोली

उत्तर : कोल्हापुरात या प्रश्नाइतका आपला प्रश्न दुसरा नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव मिळून ओतकामाची वाळू किती निघते ते तुम्ही रोज बघता, आणि इकडे आपण नदीच्या वाळूसाठी रडतो. चालते. पण "काळी वाळू" म्हणून एकच माल नाही, हे आधी लक्षात घ्या.

ग्रीन सँड म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड. ती बारीक आणि एकसारख्या दाण्याची असते. सगळी वाळू काढून हीच घातली तर मधले आकार नसल्यामुळे घट्टपणा येत नाही, बेंटोनाइट पाणी पितं, मसाला कोरडा वाटतो, कामगार पाणी वाढवतो आणि ताकद पडते. म्हणून ती क्रश सँडच्या, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूच्या, जागी थोड्या भागातच घालतात. दहा टक्क्यांपासून सुरू करा, क्यूब आणि ब्लॉक दोन्ही फोडून बघत वीस-तीसपर्यंत जा. रेझिनने बांधलेल्या कोअरची, म्हणजे साच्यात पोकळी ठेवणाऱ्या गाभ्याची, वाळू वेगळी. तिच्यात फिनॉल आणि इतर रसायनं उरलेली असू शकतात. ती ग्रीन सँडमध्ये मिसळून देऊ नका असं मित्राला बजावून सांगा, किंवा भट्टीत भाजून रेझिन जाळलेली असेल तरच घ्या. पितळ-तांब्याच्या ओतकामाची तर दारातही नको, जड धातू असतात. आणि हा कागदोपत्री औद्योगिक कचरा आहे. दोघांच्याही प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात त्याची नोंद हवी, नाही तर फुकटची वाळू महागात पडेल.

ब्लॉकसाठी आयएस १५६५८ आहे. त्यात पाणी शोषण सरासरी सहा टक्क्यांच्या आत हवं. फाउंड्रीची वाळू घातल्यावर आधी नापास होतो तो इथे, ताकदीत नंतर. दर लॉटला चाळणी चाचणी आणि भाजून वजन किती घटतं ती चाचणी करा, कारण फाउंड्रीत ओतकाम बदललं की तुमची वाळूही बदलली. रंग काळपट येतो म्हणून घाबरू नका. दोन थरांचा ब्लॉक करत असाल तर ही वाळू खालच्या थरात घाला.

तुम्हाला जमलं तर मला कळवा. मी स्वतः गिऱ्हाईक आहे.

प्रश्न : आर. के. नगरला घर चालू आहे. एएसी ब्लॉक, लाल वीट की जांभा? शेजाऱ्यांच्या एएसीच्या भिंतींना वर्षात भेगा पडल्या.
— शिक्षिका

उत्तर : एएसी, म्हणजे फुगवलेल्या हलक्या काँक्रीटचा ब्लॉक, वाईट नाही, तो विटेसारखा बांधला जातो हे वाईट आहे. त्याची घनता घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो. विटेची त्याच्या तिप्पट. तो ब्लॉक पाण्यावर तरंगतो, पण पाणी धरूनही ठेवतो. गवंडी सवयीने बादलीत बुचकळतो, जाड मसाल्यात बसवतो आणि मग सुकताना भिंत आकसते. फक्त पृष्ठभाग ओलसर करायचा, तयार ॲढेसिव्हचा तीन-चार मिलिमीटरचाच थर, खांबाला भिंत भेटते तिथे फायबरची जाळी, लिंटेल पातळीला, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या कडेला, आरसीसी पट्टा. गिलावा घाईने नको. एवढी शिस्त लावायला साइटवर रोज कुणी जाणार असेल तर एएसी घ्या. दुमजली घरात वजन कमी झाल्याने सळई फारशी वाचत नाही, ते फायदे उंच इमारतींचे. कुणी जाणार नसेल तर वीट बरी, ती चुका पोटात घालते. आजरा-चंदगडकडचा चांगला जांभा मिळत असेल तर कंपाउंडला जरूर वापरा. घराला वापरायचा तर खाणीतून काढून काही महिने उघड्यावर कडक झालेला घ्या आणि पश्चिमेच्या भिंतीला छज्जा मोठा ठेवा.

प्रश्न : टेरेस गळतंय. सेल्समन म्हणतो आमच्या पावडरमध्ये जिवाणू आहेत, भेग आपोआप बुजते. खरं का?
— वाचक, फुलेवाडी

उत्तर : जिवाणूंचं काँक्रीट खरं आहे. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यापीठात हेंक योंकर्स यांनी त्यावर मोठं काम केलं. जिवाणूंचे बीजाणू आणि त्यांचं खाद्य काँक्रीट बनवतानाच आत घालतात. भेग पडून पाणी शिरलं की ते जागे होतात आणि चुनखडी तयार करून भेग बुजवतात. बुजते ती मिलिमीटरच्या आतली भेग. तुमच्या तयार टेरेसवर वरून फासायच्या पावडरीत तो चमत्कार शोधू नका. बहुतेकदा ती साधी क्रिस्टलाइन कोटिंग असते. ते वाईट नाही, पण जिवाणूंचे पैसे देऊ नका.

आधी टेरेसवर पाणी ओता आणि कुठे साठतं बघा. उतार नसेल तर कोबा नव्याने करा. पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या, पायथ्याशी वाटा, म्हणजे कोपरा बुजवणारा मसाल्याचा गोलावा, आहे का, पाइपाच्या तोंडाशी भेग आहे का, हे बघा. गळती बहुतेक वेळा तिथेच सापडते.

प्रश्न : दुकानदार म्हणतो राखेचं सिमेंट नको, ५३ ग्रेडच घ्या. बरोबर का?
— वाचक, पाचगाव

उत्तर : नाही. राखेच्या सिमेंटमध्ये, म्हणजे पीपीसीमध्ये, १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली राख, असते आणि घराला ते चांगलंच. ताकद सावकाश येते, पण पाणी कमी झिरपतं. अट एकच. पाणी मारायचं ते किमान दहा दिवस, सातव्या दिवशी पाइप गुंडाळायचा नाही. भाजलेली माती आणि चुनखडी घालून केलेलं एलसी३ हे नवं सिमेंटही आता येऊ लागलं आहे, त्यासाठी २०२३ मध्ये आयएस १८१८९ निघालं. त्यात क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजलेला सिमेंटचा मूळ माल, जवळपास निम्मंच लागतं, त्यामुळे धूर कमी. दुकानात दिसलं तर घाबरू नका, पण पाणी मारायचं तेही तेवढंच.

प्रश्न : डिप्लोमा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. बीआयएमचा महागडा कोर्स करू का? ऑटोकॅडची नोकरी एआय खाईल म्हणतात.
— विद्यार्थिनी, कागल

उत्तर : बीआयएम, म्हणजे इमारतीचं सगळ्या माहितीसकट त्रिमितीय मॉडेल करणं, जरूर शिक. पुण्या-मुंबईच्या मोठ्या ऑफिसांत ते लागतंच आणि पाइप बीममधून जातोय हे साइटऐवजी पडद्यावर कळणं चांगलं. पण महागडा कोर्स कशाला? बीआयएमच्या रेव्हिट या सॉफ्टवेअरची विद्यार्थ्यांसाठीची आवृत्ती फुकट मिळते. आधी स्वतःच्या घराचं मॉडेल कर. मीटर घेऊन प्रत्येक खोली माप. कर्ण मोजलास की घरातली एकही खोली काटकोनात नाही हे कळेल, आणि ते मॉडेलमध्ये कसं दाखवायचं हाच पहिला धडा.

सुट्टीत मात्र साइटवर जा. ऑटो लेव्हल लावता येणं, सळईचं शेड्यूल वाचता येणं, सळईखाली ठेवायचे कव्हर ब्लॉक नसतील तर ओतकाम थांबवता येणं, यासाठी अजून प्रोग्रॅम आलेला नाही. पोरगी म्हणून मिस्त्री सुरुवातीला "बघू मॅडम" म्हणेल. एकदा त्याच्या बीमची रिंग मोजून चुकीचं अंतर दाखवलंस की तो दुसऱ्या दिवशी ओतकामाच्या आधी तुला फोन करेल. माझ्या ऑफिसला जून-जुलैत दोन मुलांना ट्रेनिंगला घेतो. अर्ज संपादकांकडे पाठव, आणि सोबत तुझ्या घराचं ते मॉडेल.